जावई सगळ्यांच्या पुढे

हाडांच्या डॉक्टरांकडे हल्ली मी एकटाच येतो, त्यामुळे शेजारच्यांचं बोलणं कानावर पडतं.

“अध्यक्षसाहेब, हंगामभर आपल्या सायकल क्लबला गुण मी मिळवून दिले. मग राष्ट्रीय मालिकेच्या शेवटच्या शर्यतीत माझ्या जागी तुमचे जावई कसे?”

“तुझा गुडघा दुखतोय ना! आणि गेल्या शर्यतीत जावई सगळ्यांच्या पुढे होते. मी डोळ्यांनी पाहिलंय.”

“पुढे कसले! अख्खी एक फेरी मागे पडले होते. गोल ट्रॅकवर शेवटचा पुढेच दिसतो.”

“मी तर हार घेऊन धावलो.”

“हार त्यांना आधीच मिळाली होती.”

“जीभ आवर. जावई आहेत ते.”

“पण डॉक्टर आत्ताच म्हणाले, गुडघा ठणठणीत आहे, खुशाल शर्यतीत उतर.”

“डॉक्टरांना सायकलीतलं काय कळतं?”