पट्ट्यावरची जाळी

—नाही, नाही, विपुलशेठ, तेवढं एक सोडून बोला. पडघ्याच्या बाजाराचं चित्र घ्या, तुमच्या वळ गावातल्या ऑफिसात शोभून दिसेल. हे लूमचं, मागावरच्या कारीगराचं नको. का म्हणजे? नाही द्यायचं—झालं.

हो, माणूस खराच आहे. अफजल. मागच्याच गल्लीतल्या कारखान्यात कारीगर होता. शाळेतून रिटायर झालो नि डोक्यात भरलं—आता आपल्या भिवंडीची रोजची कामं रंगवायची, माणूस जसा राबतो तसा. म्हणून रोज दुपारी त्याच्या लूमशेजारी स्टूल टाकून बसायचो. बघा ना, पत्र्यातून उजेड कसा पडलाय त्याच्या हातावर—सगळे तिथंच बघतात—आणि बाजूला तो मोटारीचा पट्टा, पळता. तो असा उघडा नसतो कधी, वर लोखंडी जाळी असते. मग चित्रात का नाही? अहो, जाळीनं सगळं झाकलं जात होतं, उजेड अडत होता... म्हणजे—त्या दिवशी काढली होती. त्यानंच काढली, पान्यानं. मी सांगितलं म्हणून. बोलून गेलो बघा. "मास्टरजी, सेठ चिल्लाएगा," म्हणाला. मी म्हटलं, "अरे, दस मिनट की तो बात है." दहा मिनिटांचे दोन तास झाले. चित्र जमून आलं, मी खुशीत रंग आवरले नि निघालो. जाळी परत लाव—तीन शब्द. राहिले. शिफ्ट सुटायच्या आधी तो लूमखाली साचलेला कापूस काढायला वाकला, बाही पट्ट्यात गेली... चार बोटं. उजव्या हाताची.

हॉस्पिटलात गेलो होतो की! गेलो नाही असं नाही. केळी घेऊन गेलो. मालकाचा माणूस तिथंच विचारत होता, "जाली किसने निकाली?" अफजलनं माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं हो—रागानं पण नाही. मी केळ्यांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग तोच म्हणाला, "मैंने निकाली." खोटं थोडंच आहे? काढली त्यानंच. चूक त्याची ठरली, काम गेलं. आता अंजूरकडं एका गोडाऊनच्या गेटवर बसतो.

गेल्या आठवड्यात इथं आला होता, मुलीला घेऊन. जोहा. सहा-सात वर्षांची. "अब्बा, ये आप हो?" म्हणे, नि चित्रातल्या हाताची बोटं मोजायला लागली. मोठ्यानं. पाचावर थांबली नि माझ्याकडं बघून हसली. अफजल म्हणाला, "मास्टरजी, हाथ अच्छा बनाया." तेव्हा बोलायचं होतं मला. चल, आत्ता मालकाकडं जाऊ, सगळं सांगतो—अगदी तोंडावर आलं होतं. नि मी काय विचारलं? "चाय पिओगे?"

अजून कुणाला नाही हो सांगितलं. तुम्हीच पहिले. तुम्ही ओळखत असाल त्या मालकाला, धंद्यातली माणसं तुम्ही. मग तुम्हीच सांगा त्याला. सांगाल?—नाही, थांबा, फोन कशाला काढता? ठेवा तो. ठेवा म्हणतो ना! काही झालेलं नाही, म्हातारा बडबडला. ते पडघ्याचं चित्र फुकटच घेऊन जा, हवं तर—आणि जाताना दार ओढून घ्या.