सत्कार सगळ्यात शेवटी

वैशाली : बाबा, हा गठ्ठा पण 'ठेवायचं'मध्ये?

देवराम : अगं, ती स्मरणिका आहे. आमच्या मंडळाच्या रौप्यमहोत्सवाची.

वैशाली : एक असती तर मी काही बोलले नसते. या चाळीस तरी आहेत.

देवराम : त्रेपन्न. वाटून उरल्या त्या.

शांताबाई : वाटून कुठल्या उरल्या? लोकांनी घेतल्या, वारा घातला आणि खुर्चीवर ठेवून गेले. मीच पिशवीत भरून घरी आणल्या.

वैशाली : आपलं काय ठरलेलं, बाबा? तीन ढीग. ठेवायचं, द्यायचं, टाकायचं. सकाळी नऊपासून बसलोय आपण. 'टाकायचं'मध्ये काय पडलंय बघा.

देवराम : आहे की. वाळलेलं बॉलपेन आहे.

वैशाली : एक बॉलपेन.

देवराम : दोन होती. एक झटकल्यावर लिहायला लागलं, म्हणून परत घेतलं.

वैशाली : आई, तुम्हीच सांगा यांना. त्या घर आवरायच्या व्हिडिओतल्या बाई म्हणतात, वर्षभरात ज्याचा काही उपयोग झाला नाही, ते घरातून जाऊ द्यायचं.

शांताबाई : तसं धरलं तर आधी यांनाच खाली नेऊन ठेवावं लागेल.

देवराम : ऐकलंस, सासू काय बोलते ती? एकोणतीस वर्षं नवचेतना मंडळाचा सरचिटणीस होतो मी. वागळे इस्टेटमधल्या तेरा कारखान्यांतले कामगार, त्यांची मुलंबाळं, त्यांचं शिक्षण, याचा ध्यास घेऊन...

शांताबाई : लागला माईक. मी कणीक इथेच मळायला घेते.

वैशाली : बाबा, तुमचं काम मला माहितेय. मला खोली पण नको. फक्त हे टेबल हवंय. चौदा दिवसांवर पेपर आलाय माझा, एलएलबीचं शेवटचं वर्ष आहे. बुद्धपौर्णिमेला म्हणालेलात, आठ दिवसांत रिकामं करून देतो. आता लोकांनी दिवाळीचे कंदील उतरवले.

देवराम : मी नाही कुठे म्हणतोय? मंडळाच्या घटनेतलं पहिलं कलमच शिक्षण आहे. माझं म्हणणं इतकंच, की काम पद्धतशीर व्हावं. एखादी समिती नेमून...

वैशाली : समिती नाही, बाबा.

देवराम : बरं, उपसमिती.

शांताबाई : बाळकुमात फ्लॅट घेतला अडीच खोल्यांचा. त्या अर्ध्या खोलीला बिल्डर 'स्टडी' म्हणाला, तेव्हापासून हे आत शिरले ते जेवायलाच बाहेर येतात. आणि आत करतात काय? झोपतात.

देवराम : चिंतन करतो मी. हे कुठलं पुस्तक? लसणीचा वास येतोय याला.

वैशाली : माझं आहे ते. पुराव्याचा कायदा. द्या इकडे.

देवराम : पुस्तकाला लसणीचा वास? वैशाली, पुस्तकाचा मान ठेवावा माणसानं. आमच्या पिढीला एकेका पुस्तकासाठी काय काय...

शांताबाई : अहो मान ठेवणारे! ती ओट्याशी उभी राहून वाचते. लसूण सोलता सोलता. डायनिंग टेबलावर आपल्या महेंद्रचा लॅपटॉप मांडलेला असतो, बेडवर अपूर्वच्या शाळेचा पसारा. मग पुस्तकाला वास कसला येणार, मोगऱ्याचा?

देवराम : मला कोणी बोललं नाही कधी.

शांताबाई : साडेसातशे फुटांचं घर आहे. त्यात सांगायला काय पत्रक छापायचं?

वैशाली : जाऊ द्या, आई. बाबा, या शाली बघू या. किती आहेत?

देवराम : एकतीस. प्रत्येक शालीमागे एक सत्कार आहे.

वैशाली : ठाण्यात शाल कधी पांघरणार तुम्ही? घामोळं येईल. एक ठेवा, बाकीच्या 'द्यायचं'मध्ये टाकू.

शांताबाई : आणि ती जांभळी कोणाला देऊ नको हां. फिरून येते ती. मंडळातल्या दामाजी भोईरांच्या साठीला मी दिलेली, लेबलसकट. तीन वर्षांनी त्यांनी तीच यांच्या खांद्यावर टाकली. लेबल अजून तसंच आहे.

देवराम : दामाजींचं प्रेम आहे ते.

शांताबाई : प्रेम कसलं, त्यांच्या बायकोनं, सगुणानं कपाट आवरलेलं.

वैशाली : बाबा, एक सुचवू? ज्याच्यात जीव अडकलाय त्याचा फोटो काढायचा आणि वस्तू सोडून द्यायची. आठवण मोबाइलमध्ये राहते.

देवराम : हे मात्र उत्तम. पटलं मला. एकतीस शालींचे एकतीस फोटो काढ.

वैशाली : काढते.

देवराम : मग ते मोठे करून घेऊ. फ्रेम करून या भिंतीला...

वैशाली : बाबा!

शांताबाई : मी सांगितलेलं तुला. हा माणूस कचरा टाकायला गेला तरी पोचपावती मागेल.

वैशाली : बरं, शाली राहू द्या. टेबलाखालचं हे खोकं काय आहे? पाय ठेवायला जागा नाही याच्यामुळे. बापरे, दगड भरलेत का?

देवराम : अगं जपून, जपून! सन्मानचिन्हं आहेत त्यात. आपटू नकोस.

वैशाली : तुमची?

देवराम : माझी भिंतीवर आहेत. ही विद्यार्थ्यांची. दहावी-बारावीच्या गुणगौरव समारंभातली, उरलेली.

वैशाली : उरलेली कशी? यांच्यावर नावं आहेत. कुमार प्रणित दामाजी भोईर. कुमारी हेमाली... ही सगळी तुमच्याकडे कशी?

देवराम : काय सांगू तुला! सेहेचाळीस मुलं आहेत अशी. आपण त्यांच्यासाठी राबायचं, नावं कोरून घ्यायची, आणि ऐन वेळी नाव पुकारावं तर मूल जागेवर नाही. पालकही नाहीत. कृतज्ञता म्हणून नाही लोकांत.

वैशाली : नाव किती वाजता पुकारायचात?

देवराम : कार्यक्रम सायंकाळी ठीक पाच वाजता असायचा.

शांताबाई : ठीक पाच पत्रिकेवर. प्रमुख पाहुणे साडेसातला उगवायचे.

देवराम : मान्यवरांना चार ठिकाणी जावं लागतं. मग प्रास्ताविक, स्वागत, देणगीदारांचे सत्कार, अध्यक्षांचं मनोगत, प्रमुख पाहुण्यांचं मार्गदर्शन...

वैशाली : आणि मुलं?

देवराम : विद्यार्थ्यांचा सत्कार सगळ्यात शेवटी. ती पद्धत मीच पाडली. पहिल्या वर्षी आम्ही भोळेपणानं मुलांचा सत्कार आधी ठेवला. काय झालं? बक्षीस घेऊन सगळे पसार, आणि पाहुणे मोकळ्या खुर्च्यांना मार्गदर्शन करत बसले. तेव्हा मी ठराव मांडला. एकमतानं मंजूर झाला. पुढं अठ्ठावीस वर्षं हॉल कधी रिकामा दिसला नाही.

वैशाली : म्हणजे आम्ही खुर्च्या भरायला होतो.

देवराम : आम्ही म्हणजे?

वैशाली : दोन हजार तीन, बाबा. दहावीला मला एक्क्याऐंशी टक्के पडलेले. तुमच्या मंडळाचं पत्र आलेलं आंबिवलीला. चाळीत सगळ्यांना वाचून दाखवलं पप्पांनी. माझ्या आईनं शेजारच्या मायाताईंचे नवे सॅंडल मागून आणलेले माझ्यासाठी, एक नंबर मोठे. मी तिसऱ्या रांगेत बसलेले. पाच तास. पाणी प्यायला पण उठले नाही, नाव पुकारलं तर काय, म्हणून.

देवराम : मग?

वैशाली : मग काय? पाहुणे नऊ वाजता म्हणाले, आता मी तुमचा जास्त वेळ घेणार नाही. त्यानंतर पाऊण तास बोलले. पप्पांची सकाळची पाळी होती. दहाला उठले ते. मला म्हणाले, यादीत नाव छापलंय ना, बास झालं. हात धरून बाहेर काढलं मला.

देवराम : शक्य नाही. तुझी काहीतरी गल्लत होते आहे. तुझा सत्कार झालेला आहे, अहवालात नोंद आहे. थांब, कुठे गेला तो... हा घे, दोन हजार तीन. 'सर्व एकशे बारा गुणवंतांना मान्यवरांच्या शुभहस्ते सन्मानचिन्हे देऊन टाळ्यांच्या कडकडाटात गौरविण्यात आले.' सर्व. आहे की नाही?

शांताबाई : अहो, तो अहवाल तुम्ही आदल्या दिवशी लिहिलेला.

देवराम : काहीतरीच काय!

शांताबाई : दरवर्षी आदल्या दिवशीच लिहायचात. प्रेसवाला घाई करतो म्हणून. मी इस्त्री करत होते, तुम्ही मोठ्यानं वाचत होतात. टाळ्यांसकट.

देवराम : पण... लग्नात मी भाषणात म्हणालो होतो. आमच्याच मंडळानं जिला गौरवलं, ती मुलगी आज आमच्या घरची सून होते आहे. तू बाजूलाच उभी होतीस.

वैशाली : होते ना. नवरी काय माईक मागणार, की थांबा, दुरुस्ती आहे?

शांताबाई : मी पण तसंच समजत होते. तुमच्या यादीतूनच तर शोधली मी हिला. महेंद्रचं बघायचं ठरलं तेव्हा जुन्या याद्या काढून बसले. मुलगी हुशार, वडील कामगार, राहायला आंबिवलीला. तुमच्या मंडळाचा मला झालेला एवढा एकच फायदा.

देवराम : चौदा वर्षं झाली तुमच्या लग्नाला. एका शब्दानं बोलली नाहीस?

वैशाली : तुम्ही आल्यागेल्याला इतक्या कौतुकानं सांगायचात. मला वाटलं, एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला यांचं मन मोडा. पण खोटं नाही सांगत, बाबा, वाईट वाटलेलं. खूप वाटलेलं. ते सॅंडल परत द्यायला गेले तर मायाताई म्हणाल्या, दाखव की काय मिळालं. मी सांगितलं, घरी ठेवलंय.

शांताबाई : इकडं घे गं ते खोकं. आहे का बघू.

(खोक्यातली चिन्हे एकेक करून टेबलावर उभी राहतात. सत्तावीस होतात, अठ्ठावीस होतात.)

देवराम : हे... हे बघ. कुमारी वैशाली बाबुराव कासारे. इयत्ता दहावी. 'उज्ज्वल भवितव्यासाठी हार्दिक शुभेच्छा.'

वैशाली : घरातच होतं म्हणजे.

शांताबाई : घरात कुठलं, टेबलाखाली. तुझ्या पाय ठेवायच्या जागेवर.

देवराम : नाही, हे राहून चालणार नाही. ही चूक दुरुस्त झाली पाहिजे, आणि जाहीरपणे झाली पाहिजे. येत्या रविवारी हॉल घेतो. सेहेचाळीसही जणांना पत्रं जातील. दामाजींना अध्यक्ष करू. एखादे चांगले प्रमुख पाहुणे बोलावू, प्रास्ताविक मी करीन...

शांताबाई : आणि वैशालीचं नाव सगळ्यात शेवटी.

(देवराम समोरचा अहवाल मिटतो.)

शांताबाई : का? थांबलात का? बोला की.

देवराम : 'टाकायचं'चा ढीग कुठला, वैशाली?

वैशाली : तो. बॉलपेनवाला.

देवराम : सरक जरा. या स्मरणिका तिकडे घे. अहवाल पण घे.

वैशाली : अहो, सगळे नका टाकू. एकेक तरी ठेवा.

देवराम : स्मरणिका एक ठेवतो. अहवाल नको. नंतर कुणीतरी खरा धरायचा. आणि ही चिन्हं मी घरोघर पोचवून येईन, जमतील तेवढी. दामाजींच्या प्रणितपासून सुरुवात करतो. त्याला आता दोन मुलं आहेत म्हणे.

शांताबाई : भाषण न करता द्याल?

देवराम : बेल वाजवीन, देईन, आणि निघेन. हा दिवा इकडे ओढ, वैशाली, पुस्तकावर उजेड पडेल. खुर्चीवर उशी लागेल तुला, ती उंचीला कमी आहे. आणि हे घे.

वैशाली : असंच? शाल नाही, श्रीफळ नाही?

देवराम : शाली एकतीस आहेत, हवी ती घे. उशीर झाला, पोरी. बावीस वर्षं.

शांताबाई : टाळ्या मी वाजवल्या असत्या, पण हात पिठाचे आहेत.

वैशाली : बाबा, अहो, चष्मा, पेपर, सगळं उचलून कुठे निघालात? तुम्ही बसणार कुठे?

देवराम : बघतो. शांता, ती सोलायची लसूण कुठे ठेवता तुम्ही?