दर पाच फुलांवर गाठ

हॅलो?… हां आई, रागिणीच बोलून राहिली. … हो, पोचली विद्यापीठात. बाहेर पायऱ्यांवर बसली आहे. साडेअकराले आत बोलावतात. … अवं शेवटची तोंडी परीक्षा, मंग झाली पीएचडी. … हो, हो, देवाले हात जोडले.

हार? मिळाला ना. आपल्या गावच्या बंडूनं तेल्हाऱ्याच्या एसटीतून उतरवून आणून देल्ला. … चांगला आहे. … आई, थांब. हा हार कोणं ओवला?

बाबानं? खरं सांग. … अवं, जलमापासून झेंडूच्या वावरात वाढली मी, मले बाबाचा हार ओळखू येत नाही का? बाबा दर पाच फुलांवर गाठ मारतात. दोरा तुटला तरी पाचच फुलं सांडावी म्हणून. या हाराले एकबी गाठ नाही.

घाई होती? बाबाले? … अन् ते सोता येणार होते ना आज? काहून नाही आले? … तोडा? आज कायचा तोडा? काल तूच म्हणली ना, सगळी फुलं तोडून अकोल्याले गेली म्हणून!

बरं. बाबाले फोन दे. … वावरात गेले? मंग त्याइचा फोन तुह्यापाशी कसा? बाबाचाच नंबर दिसून राहिला मले.

रागावत नाही वं. ऐक ना… भागीरथाआत्यानं सकाळी सहाले फोन केला. 'डोकं शांत ठेव बाई' म्हणे. तीन वर्षांत तिचा मले फोन नाही. शेखरदादा दुकान बंद करून अकोल्याले गेला म्हणते बंडू. अन् तुहा आवाज घुमून राहिला. आपलं घर असं घुमत नाही.

आई, मी सहा वर्षं काय शिकली सांगू? डार्क मॅटर. ते उजेड देत नाही, कोणाले दिसत नाही. बाबा नेहमी मले डिवचतात ना, 'दिसत नाही तं आहे कशावरून?' … अवं, आजूबाजूचे तारे पाहून! ते जरा जास्तच जोरात फिरतात, म्हणजे मधात काहीतरी जड आहे. सकाळपासून तुमी सगळे तसेच फिरून राहिले. मधात काय आहे, सांग.

रडू नको… आई… कधी? … काल संध्याकाळी? छातीत? … अन् मले आता… शपथ? बाबानं शपथ घातली सगळ्याइले? … बारा वाजता ऑपरेशन! आई, अकरा वीस झाले! इथून अकोल्याले दोन तास लागतात वं!

फोन दे त्याइले. … नर्सबाईले म्हण, एकच मिनिट.

बाबा?… हो. समजलं. … नाही, रडत नाही. किती दुखते? … खोटं. … काय? आता विचारता हे? … हो, जगातल्या सगळ्या आकाशगंगा एकमेकीपासून दूर पळून राहिल्या. … शेवटी जगाचं काय होते ते कोणालेच पक्कं माहीत नाही, बाबा. कितीदा सांगू? आत सरांनी विचारलं तरी मी हेच सांगीन. … नाही, मी आत नाही जात, मी गाडी पकडते… पुरे झाल्या तुमच्या शपथा!

… बाबा, असं नका बोलू. … बरं. … बरं, देते परीक्षा. पण फोन ठेवाचा नाही. तुमाले आत नेईपर्यंत आईनं हातात धरून ठेवाचा. तुमी ऐका.

हो सर, आले. … सर, एक विनंती आहे. फोन चालू राहू द्या. … नाही सर, बंद नाही करता येणार. माझे वडील ऐकताहेत, दवाखान्यातून. … थँक यू, सर.

बाबा? टेबलावर ठेवून राहिली तुमाले. बोलू नका, दम लागीन. ऐकू आलं तं नुसतं हूं म्हणा.

बाबा?…

… हां. आलं.