सकाळची किल्ली

नाही, फ्रीज बंद नका करू – राहू दे, हे आले की पहिला प्रश्न मलाच, का बंद केलास. तुम्ही शेजारच्या गाडीचा पाण्याचा पंप दुरुस्त करायला आलात म्हणून हाक मारली, मिस्त्री, नाहीतर आमच्याकडे बाहेरचा माणूस कशाला येतोय? घर विकून ही चाकांवरची खोली घेतली तेव्हापासून इथली तारन् तार ह्यांच्या हातची. जरा जपून हं, बाकाची फळी अर्धीच उघडते, पलंग आडवा येतो – इथे एक उघडायचं तर दुसरं मिटावं लागतं. माणसंसुद्धा.

सांगते ना. सकाळी इंजिन उठतच नाही. टक् म्हणतं आणि गप्प. बॅटऱ्या दोन – एक इंजिनाची, एक घरची, दिव्यांना, फ्रीजला – आणि मधे तो आयसोलेटर, इंजिन बंद झालं की दोघींना वेगळं करणारा, म्हणजे एकीने दुसरीचं खायचं नाही. ऐकून ऐकून एवढं कळतं मला. नवी बॅटरी घातली, तरी सकाळी रिकामीच. तिकडे मुलीचे दिवस भरत आलेत, रोज फोन – आई, निघालीस का? बसने जाते म्हटलं तर हे म्हणाले, मला एकट्याला टाकून? आणि जेवले नाहीत. वाईट नाहीत हो – आवाजसुद्धा चढवत नाहीत. उलट रोज मलाच स्टिअरिंगसमोर बसवतात, किल्ली हातात देतात – तूच फिरव, मग म्हणू नकोस मी खोटं बोलतो – आणि स्वतः खाली उतरून दाराशी उभे. टक्. बघितलंस, म्हणतात. की किल्ली परत ह्यांच्या खिशात. मी शाळेची व्हॅन चालवायचे पूर्वी, सांगितलं का? आता नुसती किल्ली फिरवते.

किती? साडेबारा व्होल्ट? इंजिनाची? म्हणजे आत्ता लागेल? – दुपारी आम्ही कधी लावूनच बघितली नाही. सकाळीच, नेहमी. हो, टपावर सोलर आहे. म्हणजे दिवसा ऊन दोन्ही भरतं आणि रात्री फ्रीज दोन्ही पितो? पण मधे आयसोलेटर असताना कसं –

कुठली तार? त्याला वळसा घालून? मग ती आधीपासूनच असेल, आधीच्या मालकाने टाकलेली, लोक काय वाटेल ते – थांबा. टॉर्च इकडे मारा.

टेपचं टोक दुमडलंय.

ह्यांना नखं कुरतडायची सवय आहे. टेप सुटत नाही, म्हणून टोक दुमडून ठेवतात. बिस्किटाच्या पुड्यालासुद्धा.

नाही, बरी आहे मी. पाणी नको.

काढू नका ती! हे रोज फळी उचलून बघतात – मला वाटायचं, बिचारे शोधतायत. असं करा, आतला जोड तोडा, दोन्ही टोकं वेगवेगळी बंद करा, आणि वरून हीच टेप. होती तश्शी. टोक दुमडून. मग इंजिनाची सकाळपर्यंत भरलेली राहील? नक्की ना? फ्रीजने घरचीच खाऊ दे.

झालं? टाका फळी, पटकन – ते बघा, पाण्याचे कॅन घेऊन येतायत.

अहो, काही नाही, आपल्या पंपाचं विचारत होते मिस्त्रींना. निघालेच ते. या मिस्त्री, या तुम्ही.