नदीवरचा सांधा

टेम्पोवाला : ताई, पुन्हा सांगतो, बारा फुटी फळी माझ्या टेम्पोत बसायची नाही. तीन फूट मागे लोंबणार.

ताई : लोंबू दे. टोकाला लाल फडकं बांधा.

टेम्पोवाला : फडकं बांधून खड्डे बुजतात होय? मी कपाटं नेलीत, नाटकाचा अख्खा सेट नेलाय. पण शहर न्यायची पहिलीच वेळ.

धाकटा : शहर अजून व्हायचंय, काका. आत्ता नुसता प्लाय आहे आणि त्यावर नकाशा. घरं, पूल, झाडं यावरच चढणार. म्हणून तर तुम्हाला आजच बोलावलं. एकदा का घरं चिकटवली, की मग कापता येत नाही.

ताई : कापायचं नाहीच आहे. संग्रहालयाला अखंड हवंय.

धाकटा : त्यांनी असं कधी म्हटलं? त्यांना सांधा दिसायला नको, एवढंच. आणि तुझा सांधा आजवर कुणाला दिसलाय? मागे बंदराचं अख्खं मॉडेल चार तुकड्यांत केलं होतंस.

ताई : तेव्हाची गोष्ट वेगळी. या वेळी जाड प्लाय घेऊ, खाली लोखंडी चौकट देऊ, आणि उघड्या ट्रकमधून नेऊ.

टेम्पोवाला : न्या की. पण ट्रकपर्यंत कशी नेणार? जिना बघितला मी. वळणावर सहा-सात फुटांच्या वर काही फिरणार नाही.

ताई : मग खिडकी काढू. दोर लावून खाली सोडू.

धाकटा : ताई!

टेम्पोवाला : सहा सहा फुटांचे दोन तुकडे करा. एकावर एक बसतील असा लाकडी सांगाडा मी ठोकून देतो, आत गाद्या लावतो. पुलाचा कठडासुद्धा हलला तर मला विचारा. तुम्ही भावंडं ठरवा, मी खाली गाडीत आहे.

धाकटा : गेले ते. आता बोल. खिडकी उपटायला तयार आहेस, पण फळीला करवत लावायला नाही. काय झालंय?

ताई : कुठं काय.

धाकटा : मघाशी चहाचा कप दोन्ही हातांनी धरला होतास.

ताई : बघितलंस होय. हात थरथरतो रे. एरवी बरा असतो, पण करवत धरली की सुरू. डॉक्टर म्हणाले, वाढत जाईल. सांधा केसभर जरी चुकला, तरी भर शहरातून भेग जाते. लोक येऊन बघतील आणि म्हणतील, बाईचं संपलं आता. मला भीती वाटते त्याची.

धाकटा : आणि मला सांगितलं नाहीस?

ताई : हात दाखवून अवलक्षण कशाला?

धाकटा : मी कापतो.

ताई : तू? तुझ्या हातात करवत म्हणजे माकडाच्या हातात कोलीत.

धाकटा : बाबा होते तेव्हापासून हेच ऐकतोय. पण तेव्हापासून तू कापतेस आणि फळी मी धरतो, म्हणजे बघतोयही मीच. तू फक्त रेघ मार. मी रेघ सोडणार नाही.

(ताई पेन्सिल घेते. बराच वेळ प्लायवर पेन्सिलीची खरखर.)

ताई : बघ, कशी आली. वेडीवाकडी. खोड ती, पट्टी लावून तूच मार.

धाकटा : खोडायची कशाला? नदीच्या मधोमध तर चाललीय. नदीला कुणी पट्टी लावली होती?

ताई : पुलापाशी जप. काठाला लागून शाळा आहे.

धाकटा : माहितीय. सांधा पाण्यातून न्यावा, रस्त्यातून न्यावा, घरातून कधी नेऊ नये. बाबा तुला सांगायचे, तेव्हा मीही तिथंच असायचो.

ताई : काकांना हाक मार, म्हणावं सांगाडा ठोकायला घ्या.

धाकटा : आणि करवत?

ताई : माझी घे, ती खिळ्यावरची. चल, इकडून सुरू कर. फळी मी धरते.