तितराचा आवाज

—नाही, भाऊजी, चपला काढूच नका. आत बोलावलेलं नाही मी तुम्हाला, तिथेच मागच्या पायरीवर उभे राहा. जाळ्याचं काय? कातरलं मी ते, शिवणाच्या कात्रीनं. तितर उडाले. असे डोळे काय वटारता? माझं परस, माझे वाटाणे—कुणी सांगितलं होतं तुम्हाला जाळं लावायला?... मी? बरं, म्हणाले असेन तुमच्या बायकोजवळ, की मेले एक कोंब ठेवत नाहीत, वाफे उकरून पार वाट लावतात. खोटं नाही ते. मला का लळा लागलाय त्यांचा? मुळीच नाही, दगड मारते मी—लागत नाही, ते सोडा—पण मारते. म्हणून काय, बाई जरा कुरकुरली की लगेच मुंड्याच मुरगळायच्या?

आणि तो आवाज! कुंपणाआड बसून, मूठ तोंडाशी धरून, तितरासारखा—कुणाचा तो? तुमच्या दादांचाच ना? हुबेहूब. शेवटी जराशी ओढ, तीसुद्धा. शेतातून मागच्या बाजूनं यायचे ते, हाक म्हणून मारायचे नाहीत, हाच आवाज काढायचे—की मी चहा ठेवायचा. इतकी वर्षं. आणि तुम्ही तो पाखरं धरायला वापरलात? गॅसवरचं दूध टाकून धावले मी, भाऊजी. अनवाणी. वर्ष होत आलं त्यांना जाऊन, स्वतःच्या हातानं सगळं आवरलं मी त्यांचं, तरी—दार उघडलं आणि "आलात?" म्हणाले. मोठ्यानं. ऐकलंत ना तुम्ही? ऐकलंत. आणि कुंपणाच्या झुडपात तसेच दबून बसलात. इकडे जाळ्यात मादी फडफडतेय, बाहेर पिल्लं जाळीला चोची मारताहेत, आणि मी येडी परसभर माणूस शोधतेय.

नको, जवळ येऊ नका. रडत नाहीये मी, संताप आलाय मला. तेरावं उरकल्यावर या घराची पायरी चढला नाहीत, आज आलात ते तितर न्यायला. आणि वर माझ्यासाठी म्हणे!... काय म्हणालात? तुम्हालाही त्यांची आठवण येते? मग आपल्या घरी बसून काढा ती. इथे तो आवाज पुन्हा काढायचा नाही. कारण मी पुन्हा धावत येईन—ठाऊक आहे मला, तुम्ही आहात हे माहीत असूनही येईन.

निघा.