बहारीनमार्गे

सुनीती : मुंबई-बहारीन-लंडन, दोन तिकिटं. बुकिंगमध्ये काकूंसाठी व्हीलचेअर लिहू ना? बहारीनला विमान बदलायचंय, चालणं पुष्कळ आहे.

रज्जाक : नको. तीस वर्षं नोकरी केलीय मी त्या विमानतळावर. ऑफिसर होतो. कोपरा न् कोपरा पाठ आहे.

सुनीती : पाठ तुम्हाला आहे, काका. गुडघे काकूंचे आहेत.

रज्जाक : अहो, बेट आहे ते! इंग्रजांच्या काळात तिथं पाण्यावर उतरणारी विमानं यायची. मी एकोणऐंशीला गेलो, तेव्हा तर रात्रंदिवस वर्दळ. नमाजाची खोली, तान्ह्या बाळांना दूध, म्हाताऱ्यांना खुर्च्या. उतारूला काही मागावं लागायचं नाही.

सुनीती : छान. आमच्या शनिवार पेठेत पाणीसुद्धा मागावं लागतं. तर व्हीलचेअर?

रज्जाक : नको म्हणालो ना! माझ्या बायकोला कुणीतरी ढकलत नेणार, बरं दिसतं ते?

नूरबानू : लिही गं तू.

रज्जाक : नूर, तुला तिथलं काय ठाऊक?

नूरबानू : आहे की. अठ्ठ्याण्णवला मक्केला, उमराहला जाताना मन्सूरभाईबरोबर चार तास बसले होते तिथं.

रज्जाक : मी फोनवर सांगितलं होतं, ड्युटी आत ऑफिसात आहे, बाहेर येता यायचं नाही.

नूरबानू : आलात की बाहेर. एका म्हातारीची खुर्ची ढकलत. तिची पिशवी गळ्यात अडकवून.

(रज्जाक पासपोर्ट उघडतो, मिटतो.)

नूरबानू : लग्नाच्या वेळी माझा भाई म्हणाला होता, हमालीच करायची तर मंडई काय ओस पडलीय, समुद्रापलीकडे कशाला? म्हणून तुम्ही ऑफिसर झालात. तिथं आम्हाला पाहिलंत आणि तोंड फिरवलंत. मी भाईला पाणी आणायला धाडलं, उलट्या बाजूला. त्याला मरेपर्यंत कळलं नाही.

रज्जाक : मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?

नूरबानू : तुम्ही सांगाल म्हणून. भाई गेला, तरी वाट पाहिली. आणि आज या पोरीपुढंही ऑफिसरच!

रज्जाक : लाज वाटायची गं.

नूरबानू : कामाची कसली लाज? त्यावरच आपली लेक कमर शिकली, लंडनला पोचली. मला चीड त्याची नाही. त्या म्हातारीला तुम्ही वाकून विचारत होतात, "अम्मा, आराम से बैठे ना?" मला कधी विचारलंत असं?

सुनीती : काकू, पाणी देऊ?

नूरबानू : नको. तुझं काम कर.

रज्जाक : लिहा व्हीलचेअर. बहारीनला उतरल्यावर मी ढकलीन.

सुनीती : तसं चालत नाही, काका. त्यांचा माणूस असतो.

नूरबानू : त्यांचाच असू दे. तो विचारेल तरी.